अंग चोरणारे

१

दुपारचं जेवण उरकलं की मी बिनवासाच्या साबणाने कोपरापर्यंत हात धुतो आणि मागच्या खोलीत जाऊन रुबार्बचं पाणी बदलतो. रुबार्ब हा मिल्क स्नेक आहे. लाल, काळे आणि सायीच्या रंगाचे पट्टे, माझ्या अंगठ्याएवढी जाडी, आणि विष नावालाही नाही. आमच्या ओहायोत शेतकऱ्यांच्या गोठ्यांत याचे गरीब भाऊबंद सापडतात. जुने लोक सांगायचे की हा गाईचं दूध पितो, म्हणून हे नाव. असल्या तोंडाला कुठली गाय आचळाशी उभं करील देव जाणे, पण नाव पडलं ते पडलं.

साप माझा नाही, माझ्या बायकोचा, मॅविसचा. मॅविस जुलैत गेली आणि साप माझ्या गळ्यात पडला. गळ्यात कसला, तो मला हातही लावू देत नव्हता. पेटीचं झाकण सरकवलं की भुशावर शेपटी अशी थरथरवायचा की खोलीभर खुळखुळ ऐकू यायची. उचललाच तर अंगावर घाण सोडायचा, आणि तो वास कितीही धुतलं तरी शर्टातून जात नाही.

मॅविसकडे असेच साप यायचे. कुणीतरी पोरांच्या हट्टापायी आणलेले, वरून झडप घालून पकडलेले आणि मग चावतो म्हणून नकोसे झालेले. ती म्हणायची, "मिल्क स्नेक वाईट नसतो रे ऑरिन, भित्रा असतो. त्याला वाटतं, जे वरून येतं ते आपल्याला खायलाच येतं." तिची पद्धत ठरलेली होती. आधी आपण अंगात घातलेला कपडा त्याच्या झोपायच्या जागी ठेवायचा. वास अंगवळणी पडला की पेटीशेजारी नुसतं बसायचं, त्याच्याकडे न बघता. मग हात आत टेकवून ठेवायचा, न हलवता. मग बाजूने, पोटाशी, हलकेच बोट लावायचं. उचलायचं सगळ्यात शेवटी.

पाहुणे जमले की ती माझ्याकडे बोट दाखवायची. "नवऱ्यालाही मी असाच माणसाळवलाय. लग्न झालं तेव्हा खांद्यावर हात ठेवला तर टेबलाखाली शिरायचा हा!" सगळे हसायचे. मीही हसायचो, कारण त्यात फारसं खोटं नव्हतं. मी वाढलो त्या घरात बापाचा हात अंगाला लागला तर तो कशासाठी लागला हे सगळ्यांना माहीत असायचं.

मॅविस गेली आणि मी पुन्हा पहिल्यासारखा झालो. दफनाच्या दिवशी आमची मुलगी जोलीन मला मिठी मारायला पुढे आली आणि माझं अंग आपोआप मागे सरलं. तिचे हात हवेत राहिले. बिचारीने मग त्याच हातांनी पर्स उघडून उगाच काहीतरी शोधलं. तेव्हापासून ती येते, फ्रिजमध्ये जेवण भरून ठेवते, जाताना माझ्या दंडाजवळची हवा थोपटते आणि कोलंबस शहरात, तिच्या घरी परत जाते. तिला एकदा पोटाशी धरावं असं मला रोज वाटतं. अंग ऐकत नाही.

२

सप्टेंबर लागला तेव्हा मी हर्शेल क्रेब्सला फोन केला. हर्शेल हा मॅविसचा सापवाला दोस्त. त्याच्या तळघरात माणसांपेक्षा साप जास्त.

"तुझ्या हाताला तो येईल कसा?" हर्शेल म्हणाला. "तो घाबरलेला आणि तू त्याच्याहून घाबरलेला. शर्ट टाक त्याच्या पेटीत. घामट बघून टाक, तुझ्याकडे काही कमी नसेल."

मी दिवसभर गवत कापलं आणि तो चौकड्यांचा शर्ट रुबार्बच्या लपायच्या डब्याशी घडी करून ठेवला. त्याने दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत तोंड बाहेर काढलं नाही.

त्याच आठवड्यात माझ्या आरामखुर्चीत मॅविसचा ग्रे स्वेटर सापडला. मी दुपारी डोकं टेकतो तिथे, पाठीवर पसरलेला. मी बराच वेळ दारातच उभा राहिलो. मग जोलीनला फोन केला.

"ग्रे स्वेटर?" ती म्हणाली. "डॅड, तो मी स्वतः चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीला दिला. कोपराला भोक होतं ना, म्हणून खोक्यात तळाशी घातला."

"मग दुसरा असेल."

"मॉमकडे ग्रे एकच होता." मग आवाज एकदम मऊ करून म्हणाली, "तू तो विक्रीतून परत विकत आणलास का? आणला असशील तर असू दे. मी एका शब्दाने काही बोलणार नाही."

"हो, आणला," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

कोपराला भोक होतं. पण मला जे खटकलं ते वेगळंच. खोक्यात आठवडेच्या आठवडे पडलेल्या कपड्याला कोंदट वास येतो. याला लाकडाच्या भुशाचा, पेपरमिंटच्या गोळ्यांचा आणि मॅविसच्या मानेचा वास होता, आणि गळ्याकडची लोकर कोमट होती. म्हटलं, खुर्चीवर ऊन येतं, त्याने तापली असेल. ऊन घराच्या दुसऱ्या बाजूला होतं, ते मी बघून न बघितल्यासारखं केलं. स्वेटर उचलून ठेवायचं धैर्य मला झालं नाही. त्यावर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखा रडलो.

३

मी उभा जन्म लोकांच्या घरातल्या भट्ट्या दुरुस्त केल्या. हिवाळ्यात घर तापवणारी भट्टी तळघरात असते आणि तिच्या पत्र्याच्या नळ्या भिंतीभिंतीतून फिरतात. त्या नळ्या तापल्या की ताणतात, गार झाल्या की आखडतात आणि टकटक वाजतात. किती बायकांनी मला बोलावून सांगितलं असेल की घरात कुणीतरी चालतंय. मी नळीला एक पट्टी ठोकायचो, की चालणारा बंद. त्यामुळे घरातल्या आवाजांना मी सहसा भीक घालत नाही.

त्या दुपारी मी आरामखुर्चीत डोळे मिटून पडलो होतो आणि शेजारी टक आवाज झाला. मग थोड्या वेळाने पुन्हा टक. ओला, हिरवा आवाज. मॅविस नव्या सापाच्या पेटीजवळ बसायची तेव्हा मांडीवर भांडं घेऊन बीन्सच्या शेंगा मोडायची, कारण हाताला काम असलं की माणूस सापाकडे टक लावून बघत नाही. तसाच आवाज. शेंग मोडायची, तुकडा भांड्यात पडायचा, आणि मध्ये कुणीतरी नाकाने श्वास घ्यायचं.

मी स्वतःलाच म्हणालो, नळ्या आहेत. मग आठवलं की भट्टी मी एप्रिलमध्येच बंद केली होती आणि अजून पेटवली नव्हती.

मी डोळे उघडले नाहीत. मी घाबरलो होतो, पण खरं सांगायचं तर भीतीहून मोठी गोष्ट ही होती की त्या खोलीत आता मी एकटा नव्हतो. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मला गाढ झोप लागली. जागा झालो तेव्हा स्वयंपाकघरातली खुर्ची माझ्या शेजारी होती. तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं, खिडकीकडे होतं.

पुढे रोज दुपारी तसंच होऊ लागलं. मी खुर्ची स्वयंपाकघरात परत नेऊन ठेवायचो आणि जेवणाची वेळ कधी संपते याची वाट बघायचो.

४

एकीकडे रुबार्बशी माझं जमत चाललं होतं. मी पेटीत हात टेकवून ठेवायचो, मॅविसने सांगितल्यासारखा, तळवा वर करून. आधी त्याने शेपटी वाजवली. मग नुसताच डब्यातून बघत राहिला. एक दिवस तो सरपटत आला, जीभ माझ्या नाडीवरून फिरवली आणि मनगटावर हनुवटी टेकली. एवढंसं डोकं, पण त्याचं वजन मला कळलं. आनंदाने मला कुणाला तरी हाक मारावीशी वाटली.

तेव्हाच माझं लक्ष दुसऱ्या हाताकडे गेलं. मी आरामखुर्ची पेटीजवळ ओढून घेतली होती आणि माझा डावा हात खुर्चीच्या हातावर होता. त्या हाताला कॉर्डरॉयचं जाड कापड आहे. दाबलं की लव चपटी होते आणि तो ठसा दिसतो. माझ्या हाताच्या शेजारी तसाच एक ठसा होता. तळव्याचा, बोटांचा. मी बघत असताना तो जरा खोल झाला, कुणी बसल्या बसल्या अवघडलेला हात नीट टेकवावा तसा.

मग मला उमगलं. आधी कपडा, मग शेजारी बसणं, मग न हलणारा हात. रुबार्बच्या पेटीत मी जे करत होतो तेच या खोलीत माझ्यावर चाललं होतं.

मी हात काढला नाही. असं वाटलं की हलवला तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करील आणि तेवढा धीर माझ्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी स्पर्श झाला. बाजूने, बरगड्यांच्या खाली, कापडावरून. मला वाटलं होतं मी तयार आहे, पण अंग ते अंगच. मी ओरडलो आणि कोपर जोरात मागे मारलं. ते कशाला तरी लागलं. मऊ होतं. मॅविसला साप कितीदा तरी चावले होते. ती म्हणायची, "चावला तरी हात मागे घ्यायचा नाही. घेतला की तो शिकतो, चावलं की माणूस निघून जातं." कोपर लागल्यावरही बरगडीखालचा तो हात तिथेच राहिला. माझा श्वास शांत होईस्तोवर तो हलला नाही.

"लागलं का गं?" मी विचारलं. उत्तर आलं नाही. सापांशी ती कधी बोलत नसे. त्यांना कान नसतात.

५

ऑक्टोबरच्या सुरुवातीला हर्शेल रुबार्बला बघायला आला. सोबत मक्याचा ब्रेड आणला होता, बायकोने दिला म्हणून. त्याने पेटीत हात घातला आणि रुबार्ब सावकाश त्याच्या बोटांतून वर आला. हर्शेल एका हाताखालून दुसरा हात पुढे करत राहिला आणि साप या हातावरून त्या हातावर वाहत राहिला.

"अरे, हा तर मांजर झाला!" हर्शेल म्हणाला. "कोण म्हणेल हाच तो मुतऱ्या! काय खाऊ घातलंस याला?"

"काही नाही. तिने सांगितलं तसंच केलं."

"मग आता देऊन टाक."

"कुणाला देऊ?"

"कुणालाही. कुठल्या शाळेला, नाहीतर एखाद्या शहाण्या पोरीला. मॅविस काय स्वतःसाठी माणसाळवायची होय? एक तरी ठेवला का तिने? हा राहिला तो ती आजारी पडली म्हणून."

"मग एवढा खटाटोप कशासाठी करायची?"

"इतकी वर्षं शेजारी झोपलास आणि हे मला विचारतोस? जनावर परक्या हातात जाताना भीतीने अर्धमेलं होऊ नये म्हणून. आधी आपल्या हाताची सवय लावायची आणि मग आपल्या हातातून त्यांच्या हातात. घेणाऱ्याला ती काय सांगायची ते विसरलास? हात खाली, ओंजळ उघडी, आणि गप उभं राहायचं. तो आपला आपण येईल."

मी विसरलो नव्हतो. मीच तर तिच्या पेट्या गाडीत चढवायचो. पण या सगळ्या दुपारी ते एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला वाटलं होतं, ती माझ्यासाठी येते. ती येत होती माझ्यासाठीच, पण मी ज्या अर्थाने समजत होतो त्या अर्थाने नव्हे.

"तुझा चेहरा का उतरला?" हर्शेल म्हणाला. "साप द्यायचा नसेल तर नको देऊ बाबा. मी काय पोलीस आहे?"

तो गेल्यावर मी मक्याचा ब्रेड कापला, लोणी लावलं आणि तसाच बशीत ठेवून दिला. जोलीनकडे निघून जावं, आत्ताच, असं मनात आलं. गाडीची किल्ली हातात घेतलीही. पण जोलीनच्या दारात जाऊन करणार काय? ती मिठी मारायला येईल आणि मी मागे सरेन. आणि इथे दुपारी ती खुर्ची रिकामी राहील. मी किल्ली परत खुंटीला लावली.

६

दुसऱ्या दिवशी मी पाणी बदलायला उशिरा गेलो. ऊन उतरलं होतं आणि पश्चिमेच्या खिडकीतून आडवं आत येत होतं, त्यामुळे पेटीच्या काचेत माझ्यामागची खोली दिसत होती. रुबार्ब माझ्या शर्टाच्या घडीवर वेटोळं घालून पडला होता.

दोन्ही बाजूंनी बरगड्यांखाली हात आले. मी दचकलो नाही. अंग सैल राहिलं आणि मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. काचेत माझ्या काखेखाली ग्रे बाह्या दिसत होत्या, एका कोपराला भोक असलेल्या. ते हात वर झाले. माझ्या टाचा जमिनीवरून सुटल्या, मग चवडेही.

आणि रुबार्बने शेपटी वाजवली. तो काचेच्या पार कोपऱ्यात जाऊन चिकटला, तोंड वेटोळ्यात घातलं आणि शेपटी भुशावर नुसती खुळखुळत राहिली. खोलीत त्याच्या घाणीचा वास पसरला. तो मला घाबरला नव्हता आणि तिलाही नव्हता.

मी काचेत पुन्हा बघितलं. माझ्या पायांशी, जरा बाजूला, आणखी दोन हात होते. खाली धरलेले, ओंजळ उघडी, अजिबात न हलणारे. कुणाचे ते दिसत नव्हतं. मी माणसांचे पुष्कळ हात बघितले आहेत, माझ्या बापाचेही. हे हात मी कधी बघितलेले नव्हते. मॅविसचा चेहरा दिसावा म्हणून मी मान वळवायचा प्रयत्न केला, पण तिने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. तिचा खांदा हलत होता. ती रडत होती.

"अजून नको," मी म्हणालो. "जोलीन शनिवारी यायचीय. तेवढं होऊ दे, मॅविस."

बराच वेळ काही झालं नाही. मग माझे चवडे जमिनीला लागले, आणि मग टाचा. ती कुणाशी घाई करत नसे. पण ते खालचे हात गेले की तिथेच थांबले ते मला कळलं नाही, कारण ऊन सरलं आणि काच नुसती काच झाली. मी खाली बसून रुबार्बला समजावत राहिलो. त्या दिवशी तो माझ्या हातावर आला नाही.

७

शनिवारी जोलीन दुपारच्या आधीच आली. येताना खिम्याचा मीटलोफ आणि गोड ॲपल-पाय आणला होता. जेवताना तिने पुन्हा विषय काढला. "खोली तयार आहे, डॅड. खिडकी मागच्या अंगणात उघडते. सापालाही जागा आहे, मी नाक मुरडणार नाही. कधी येतोस बोल."

"तू म्हणशील तेव्हा," मी म्हणालो.

तिच्या हातातला काटा तसाच राहिला. "खरंच? थट्टा करतोयस ना?"

"नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी ने मला."

तिला एवढा आनंद झाला की ती उठून उगाच भांडी घासायला लागली. घासता घासता सांगत होती की रंग कुठला लावायचा, टीव्ही कुठे ठेवायचा. मी हो हो करत तिच्याकडे बघत राहिलो. मानेवरचे केस ती आईसारखेच वर बांधते, हे मी इतक्या वर्षांत धड बघितलंच नव्हतं. थँक्सगिव्हिंगपर्यंत मला वेळ मिळणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि तिच्याशी खोटं बोलताना माझ्या जिवाचं पाणी होत होतं.

निघताना ती गाडीजवळ उभी राहिली आणि सवयीने माझ्या दंडाशेजारची हवा थोपटायला हात पुढे केला. मी पुढे झालो आणि तिला पोटाशी धरलं.

ती क्षणभर ताठच राहिली. मग तिचे दोन्ही हात माझ्या पाठीवर आले आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. "डॅड," ती म्हणाली, "तू मागे सरला नाहीस. बघ ना, तू अजिबात दचकला नाहीस!" माझ्या शर्टात तोंड खुपसून ती रडत होती आणि हसत होती. "किती शांत झालायस तू. मॉम असती तर किती खूश झाली असती."

"हो," मी म्हणालो.

तिच्या केसांना साबणाचा आणि ॲपल-पायमधल्या दालचिनीचा वास येत होता. जोलीनचे दोन्ही हात माझ्या पाठीवर होते. बाजूने, बरगड्यांखाली, आणखी एक हात आला आणि हलकेच टेकून राहिला.

"आता सोड बाबा, मला निघायला हवं," जोलीन डोळे पुसत म्हणाली.

"अजून थोडं थांब," मी म्हणालो. जोलीनला वाटलं मी तिच्याशी बोलतोय. ती थांबली.